थ्रॉटल क्वाड्रंट (घरगुती विमान-सिम्युलेटर)

थ्रॉटल क्वाड्रंट म्हणजे विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या आसनांमध्ये बसवलेला, इंजिनांची शक्ती कमी-अधिक करणाऱ्या लीव्हरांचा संच होय. प्रवासी विमानात याच संचालगत पंखावरील फ्लॅपचा लीव्हर, इंजिनाचा इंधनपुरवठा तोडण्याची सोय आणि काही विमानांत वेगरोधकाचा लीव्हरही असतो. घरच्या संगणकावर विमानोड्डाणाचा सराव करणारे हौशी लोक या संचाची प्रतिकृती स्वतः तयार करतात. अशा प्रतिकृतीचे तत्त्व, रचना व बांधणी यांची माहिती या लेखात दिली आहे. उदाहरणादाखल मुख्यतः एटीआर ७२-६०० या विमानाचा क्वाड्रंट घेतला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळावर नियमित प्रवासी सेवा याच प्रकारच्या विमानाने सुरू झाली.

नाव व स्वरूप

क्वाड्रंट म्हणजे वर्तुळाचा चौथा भाग, अर्थात वृत्तपाद. लीव्हर एका आडव्या दांड्याभोवती फिरतात आणि त्यांची टोके वर्तुळाच्या एका तुकड्यावरून पुढे-मागे सरकतात, यावरून हे नाव पडले. पुढे ढकलले की शक्ती वाढते, मागे ओढले की कमी होते. मालवण, देवगड किंवा वेंगुर्ले बंदरातील यांत्रिक नौकांवर इंजिनाचा वेग हातदांड्याने आणि केबलने बदलतात; जुन्या विमानांतील व्यवस्था तत्त्वतः याहून फार निराळी नव्हती. आता बहुतेक विमानांत लीव्हरचा कोन विद्युत-संकेतात रूपांतरित होऊन इंजिनाच्या नियंत्रक-संगणकाकडे जातो. घरगुती प्रतिकृतीचे काम सोपे झाले ते यामुळेच. इंजिन खरे असो वा संगणकातील, लीव्हरने पाठवायचा असतो तो फक्त एक आकडा.

मात्र थ्रॉटल म्हणजे केवळ सरकणारी पट्टी, असा जो समज बाजारातील स्वस्त खेळसाधनांमुळे झाला आहे, तो बरोबर नाही. लीव्हरच्या मार्गात ठरावीक ठिकाणी खाचा असतात, काही ठिकाणी अडसर असतात, आणि प्रत्येक मुठीचा आकार वेगळा असतो. हाताला न पाहता कळणारी ही माहिती म्हणजेच क्वाड्रंटचा खरा उपयोग. त्यामुळे हुबेहूब रंग व अक्षरे असलेली परंतु खाचा नसलेली प्रतिकृती दिसायला सुंदर असली तरी सरावाला निरुपयोगी ठरते. साध्या प्लायवूडची, पण खाचा व अडसर अचूक असलेली प्रतिकृती तिच्यापेक्षा कितीतरी सरस असते.

विमानागणिक भेद

बोईंग ७३७ मध्ये दोन मुख्य लीव्हर असतात आणि प्रत्येकाच्या पुढच्या बाजूस उलट रेट्याचा एक छोटा लीव्हर जोडलेला असतो. मुख्य लीव्हर पूर्ण मागे, म्हणजे आयडल स्थितीत असल्याशिवाय हा छोटा लीव्हर वर उचलता येत नाही. स्वयंचलित थ्रॉटल सुरू असताना मोटर हे लीव्हर प्रत्यक्ष हलवते. शक्ती वाढते-घटते ते वैमानिकाला हाताखाली जाणवते. फ्लॅपच्या लीव्हरला १ आणि १५ या स्थितींवर अडसर आहेत. विमान न उतरवता पुन्हा वर न्यायचे झाले, तर घाईत फ्लॅप गरजेपेक्षा जास्त मिटू नयेत, हा त्यांचा उद्देश.

एअरबस ए३२० ची पद्धत अगदी वेगळी आहे. तिथे लीव्हर शून्य अंशांवर आयडल, २५ अंशांवर चढाई, ३५ अंशांवर कमाल अखंड शक्ती आणि ४५ अंशांवर कमाल उड्डाणशक्ती अशा खाचांत बसवतात. उड्डाणाच्या मोठ्या भागात लीव्हर चढाईच्या खाचेत स्थिर राहतात आणि संगणक शक्ती बदलत राहतो. लीव्हर मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून ए३२० च्या प्रतिकृतीला मोटरची गरज नसते. तिच्यात सगळा जीव खाचांत आहे. खाच प्रत्यक्षात २५ अंशांवर असून सिम्युलेटरला ती २३ अंशांवर दिसली, तर लीव्हर चढाईच्या स्थितीत आणण्याची सूचना पडद्यावर लुकलुकत राहते आणि सराव करणारा चक्रावून जातो.

एटीआर ७२-६०० ला जेट इंजिने नसून टर्बाइनवर फिरणारे सहा पात्यांचे दोन पंखे आहेत. त्यामुळे येथे लीव्हरांच्या दोन जोड्या लागतात. पहिली जोडी शक्तीची. दुसरी जोडी पंख्याच्या फेऱ्या व इंधन यांची. तिला कंडिशन लीव्हर म्हणतात. तिच्या स्थिती पुढून मागे अशा: शंभर टक्के फेऱ्या, स्वयंचलित, फेदर आणि इंधनबंद. फेदर म्हणजे पंख्याची पाती हवेच्या धारेला समांतर वळवणे. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा हवेला अडथळा करू नये म्हणून ही सोय असते. चालू इंजिनावर ती वापरली तर रेटा नाहीसा होतो. या जोडीच्या उजवीकडे फ्लॅपचा लीव्हर असतो.

एटीआरला स्वयंचलित थ्रॉटल नाही. शक्तीचे लीव्हर एका खाचेत ठेवायचे आणि उड्डाण, चढाई, समतल प्रवास यांनुसार एक फिरता स्विच बदलायचा, अशी तिची रीत आहे. मोटर नाही, पट्टे नाहीत, क्लच नाही. घरी बनवण्यास हाच क्वाड्रंट सर्वांत सोयीचा.

चिपी विमानतळ

सिंधुदुर्ग विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात चिपी-परुळे परिसरातील जांभ्या दगडाच्या सड्यावर आहे. त्याचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले आणि त्याच दिवशी अलायन्स एअरचे एटीआर ७२-६०० मुंबईहून येथे उतरले. धावपट्टीची लांबी २,५०० मीटर आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील मुलांनी जवळून पाहिलेले पहिले प्रवासी विमान बहुधा हेच असल्याने जिल्ह्यातील विद्यार्थ्याने क्वाड्रंट बनवायचा झाला, तर बोईंगच्या मागे लागण्यापेक्षा एटीआर निवडणे स्वाभाविक आहे. मुंबई-चिपी हा मार्ग सिम्युलेटरवर सरावासाठीही उत्तम आहे. अंतर थोडे, डाव्या हाताला सह्याद्री, उजव्या हाताला समुद्र, आणि पावसाळ्यात सड्यावर उतरणारे ढग.

आकार व अडसर यांचे महत्त्व

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन बॉम्बर विमाने उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅपऐवजी चाके मिटवत आणि विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपॅनिस यांच्या लक्षात आले की दोन्ही नियंत्रणे शेजारी आणि स्पर्शाला सारखीच होती. त्यांनी चाकांच्या लीव्हरला चाकासारखी, तर फ्लॅपच्या लीव्हरला पाचरीसारखी मूठ सुचवली. आज प्रवासी विमानांच्या नियमांतच मुठींचे आकार ठरवून दिलेले आहेत.

तरीही चुका होतात, आणि त्यांतील काहींची किंमत फार मोठी होती. १५ जानेवारी २०२३ रोजी नेपाळमधील पोखरा येथे यती एअरलाइन्सचे एटीआर ७२-५०० उतरण्याच्या बेतात असताना कोसळले आणि त्यातील ७२ जण मृत्युमुखी पडले. फ्लॅप वाढवण्याऐवजी दोन्ही कंडिशन लीव्हर फेदर स्थितीत नेले गेले होते, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. इंजिने चालू होती, पण पंखे रेटा देत नव्हते. त्याआधी ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशिया एअरवेजच्या एटीआर ७२-६०० चे एक इंजिन निकामी झाले असता वैमानिकाने चालू असलेल्या दुसऱ्या इंजिनाचा लीव्हर मागे ओढून तेच बंद केले; ४३ जणांचा बळी गेला. साओ पावलो येथे १७ जुलै २००७ रोजी उतरलेल्या ए३२० मध्ये एक लीव्हर उलट रेट्याच्या स्थितीत आणि दुसरा चढाईच्या खाचेतच राहिल्याची नोंद सापडली. विमान धावपट्टीबाहेर गेले आणि जमिनीवरील लोकांसह १९९ जण दगावले.

भारतातही हा विषय नवा नाही. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचे ए३२० उतरताना पडून ९२ प्रवासी व कर्मचारी दगावले. इंजिने आयडलवर असताना वेग घटत गेला आणि ते वेळेत लक्षात आले नाही. न हलणाऱ्या लीव्हरांविषयीच्या वादात या अपघाताचा दाखला दिला जातो. अहमदाबाद येथील १२ जून २०२५ च्या अपघातानंतर लीव्हरांखालील इंधन-स्विचांची चर्चा घरोघरी झाली. प्राथमिक अहवालात दोन्ही स्विच उड्डाणानंतर लगेच, सुमारे एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. हे स्विच आधी वर उचलावे लागतात व मगच सरकतात, ही बारीकशी गोष्ट अनेक वाचकांना तेव्हा प्रथमच कळली.

घरगुती क्वाड्रंट बांधणाऱ्याने या घटना समोर ठेवूनच आराखडा करावा. चारही लीव्हरांना एकाच साच्यातील मुठी बसवणे सोपे असते आणि नेमकी तीच चूक सर्रास होते. सराव करताना हाताला लागलेले वळण पुढे खऱ्या प्रशिक्षणात मोडून काढावे लागते, आणि वळण मोडणे हे वळण लावण्यापेक्षा अवघड असते हे कोणताही शिक्षक सांगेल.

सांगाडा व लीव्हर

सांगाड्याच्या दोन बाजूंच्या फळ्या, त्यांतून आरपार जाणारा पोलादी दांडा आणि त्यावर फिरणारे लीव्हर, एवढाच मूळ ढाचा आहे. दांडा आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा पुरतो. लीव्हर ॲल्युमिनियमच्या पट्टीचे करावेत आणि प्रत्येकात बेअरिंग बसवावे. शेजारच्या दोन लीव्हरांमध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत. वॉशर घट्ट आवळले तर एक लीव्हर हलवताना दुसरा थोडासा ओढला जातो. खऱ्या विमानात एकेका इंजिनाची शक्ती स्वतंत्र बदलता येणे आवश्यक असल्याने हा दोष किरकोळ मानू नये.

लीव्हर सोडल्यावर जागीच राहावा, पण हलवताना अडकू नये, यासाठी मोजके घर्षण लागते. लीव्हरच्या बुडाशी नमद्याचा किंवा चामड्याचा तुकडा दाबून धरणारा बोल्ट ठेवला, की तो कमी-जास्त आवळून घर्षण ठरवता येते. स्प्रिंगने मध्यावर परत येणारा लीव्हर मात्र थ्रॉटलसाठी चालत नाही.

मुठींसाठी त्रिमितीय मुद्रण सोयीचे असले तरी लाकूडही चांगले. लाकडी फळांच्या व खेळण्यांच्या परंपरेमुळे सावंतवाडीची ओळख आहे. लाकडावर कातकाम करणारा कारागीर या भागात शोधावा लागत नाही. त्याला फक्त नेमके माप आणि कोणती मूठ कोणत्या लीव्हरची हे कागदावर काढून द्यावे.

खाचा व अडसर

खाचेसाठी लीव्हरच्या बुडाशी दांड्यालगत एक अर्धवर्तुळाकार चकती जोडतात. तिच्या कडेवर ठरलेल्या कोनांवर उथळ खळगे कोरतात आणि स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी त्या कडेवर टेकवतात. खळगा आला की गोळी आत बसते आणि हाताला टक् असे जाणवते. खळग्याच्या दोन्ही उतारांचा कोन किती ठेवावा हे अनुभवानेच कळते. तीव्र उतार ठेवला तर लीव्हर अडकतो. मंद ठेवला तर खाच आली की गेली हे समजत नाही. पहिली चकती पुठ्ठ्याची, दुसरी प्लायवूडची आणि शेवटची धातूची करावी.

अडसर ही खाचेपेक्षा वेगळी वस्तू आहे. खाचेतून जोर लावून निघता येते. अडसरातून निघण्यासाठी वेगळी कृती करावी लागते. कंडिशन लीव्हर फेदर व इंधनबंद या स्थितींकडे सहज घसरू नये म्हणून मुठीखालची कळ उचलल्यावरच खिळा वर येईल, अशी योजना करतात. खिळा लीव्हरच्या लांबीतून वर-खाली सरकतो आणि त्याचे खालचे टोक बाजूच्या पायरीदार पट्टीवर टेकते. पायरी जेवढी उंच, तेवढी कळ उचलावी लागते.

एटीआरमधील सर्वांत महत्त्वाचा अडसर शक्तीच्या लीव्हरांना आहे. हवेत असताना हे लीव्हर फ्लाइट आयडलच्या मागे जाता कामा नयेत, कारण त्यामागे पात्यांचा कोन इतका कमी होतो की पंखा विमानाला ओढण्याऐवजी अडवू लागतो. जमिनीवर मात्र वेग कमी करण्यासाठी नेमके तेच हवे असते. म्हणून चाकांवरचा आधारदांडा दबला की हा अडसर आपोआप मागे सरतो. घरी हे १२ व्होल्टच्या छोट्या सोलेनॉइडने साधते. विमान जमिनीवर असल्याची खबर सिम्युलेटरकडून येताच तो खिळा ओढून घेतो. हौशी मंडळी हा भाग बहुतेकदा वगळतात. त्यांनी तो वगळू नये असे सुचवावेसे वाटते, कारण एटीआरचा वेगळेपणा जर कुठे हाताला लागत असेल तर तो येथेच.

विद्युत भाग

लीव्हरचा कोन मोजण्याचा जुना व स्वस्त मार्ग म्हणजे पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा तोच भाग. त्याची दोन टोके ५ व्होल्ट व शून्य यांना आणि मधली तार सूक्ष्मनियंत्रकाच्या ॲनालॉग पायाला जोडतात. दुकानात मागताना १० किलोओहमचा आणि रेषीय प्रकारचा मागावा. त्यावर बहुधा बी हे अक्षर असते. आवाजासाठी वापरला जाणारा ए अक्षराचा प्रकार आणला तर अर्धा लीव्हर ढकलेपर्यंत शक्ती जवळजवळ वाढत नाही आणि मग एकदम उसळते.

दुसरी अडचण गणिताची आहे. पोटेन्शिओमीटर सुमारे २७० अंश फिरतो, लीव्हर मात्र ६० अंशच. आर्डुइनो लिओनार्डोसारखा नियंत्रक संपूर्ण फेऱ्याचे १,०२४ भाग करतो. त्यांतील ६० अंशांच्या वाट्याला सुमारे २२७ येतात. तेवढे भाग पुरेसे वाटतात, पण वाचन दोन-तीन अंकांनी थरथरत असेल तर शक्ती एक टक्क्याने सारखी हलताना दिसते. एकास चार या प्रमाणात दातेरी चाके लावली की लीव्हरचे ६० अंश पोटेन्शिओमीटरचे २४० अंश होतात आणि सुमारे ९१० भाग हाती येतात. दातेरी चाकांत ढिलाई राहिली तर हा फायदा तिथेच निघून जातो, हेही ध्यानात ठेवावे.

यापेक्षा चुंबकीय संवेदक बरा. फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी लहान चुंबक चिकटवायचा आणि समोर एएस५६०० सारखी चकती ठेवायची. ती पूर्ण वर्तुळाचे ४,०९६ भाग करते, म्हणजे ६० अंशांना सुमारे ६८२ मिळतात. स्पर्श नसल्याने झीज होत नाही. चुंबक नेमका मध्यावर बसला पाहिजे एवढेच पथ्य.

नियंत्रक निवडताना त्याला स्वतःची यूएसबी सोय आहे का ते पाहावे. लिओनार्डो संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. आर्डुइनो उनो तसा दिसत नाही. एक्स-प्लेन, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि विनामूल्य मिळणारा फ्लाइटगिअर या तिन्हींत अशी साधने जोडता येतात. सोलेनॉइड चालवायचा असेल तर सिम्युलेटरकडून माहिती परत घेणारी वेगळी छोटी आज्ञावली लागते, कारण जॉयस्टिकचा संवाद एकतर्फी असतो.

अंशांकन

प्रत्येक लीव्हर प्रत्येक खाचेत आधी पुढून आणि मग मागून आणून आकडे वहीत लिहावेत. असे निदान पाच वेळा करावे. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या आकड्यांत मोठा फरक पडत असेल तर दोष आज्ञावलीत नसून लोखंडात आहे: कुठेतरी बोल्ट सैल आहे किंवा चकती दांड्यावर घसरते आहे. फरक किरकोळ असेल तर त्यांच्या मध्यावर खाचेचा आकडा धरून दोन्ही बाजूंना थोडी सूट ठेवावी. दोन शक्ती-लीव्हर शेजारी समान ठेवल्यावर दोन्ही इंजिनांची शक्ती सारखी दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत उड्डाण सुरू करू नये.

मर्यादा

घरगुती सिम्युलेटरवरील तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेलीच साधने लागतात. घरी मिळतो तो क्रम व हाताची सवय यांचा सराव. दुसरी मर्यादा अशी की खऱ्या लीव्हरमागील घर्षण, इंजिनाचा कंप आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या वैमानिकाचा हात यांची प्रतिकृती होत नाही. पोखऱ्यासारख्या घटनेत नुसती मूठ नव्हे, तर एकाने सांगितलेले व दुसऱ्याने केलेले यांतील अंतरही महत्त्वाचे होते. म्हणून शक्य असल्यास सराव दोघांनी करावा: एकाने मोठ्याने सांगावे, दुसऱ्याने लीव्हरवर हात ठेवून नाव उच्चारावे आणि मगच हलवावा.

किनारपट्टीवरील देखभाल

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मालवणच्या हवेत मीठ असते. एमडीएफ फळी येथे टिकत नाही. ती दमट हवा शोषून फुगते आणि लीव्हरांमधली फट बंद होते. चांगले जलरोधक प्लायवूड वापरून कडांना वार्निश द्यावे. बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत. डाख दिलेल्या सांध्यांवर वार्निशचा पातळ थर दिला तर हिरवा गंज धरत नाही. पोटेन्शिओमीटर वापरला असल्यास पावसाळ्यात त्याचे वाचन थरथरू लागते. काही वेळा लीव्हर शेवटपासून शेवटपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवला की तो ताळ्यावर येतो, नाहीतर बदलावा लागतो. वीज वारंवार जाणाऱ्या गावांत संगणकाला बॅटरीचा आधार असावा आणि सोलेनॉइड असा जोडावा की वीज गेल्यावर अडसर बंदच राहील. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाल्यावर, सर्व खाचांचे आकडे पुन्हा घेऊन वहीतील जुन्या आकड्यांशी ताडून पाहावेत.